रात्री पेशंटजवळ कोण?

घरातले कोणी इस्पितळात दाखल झाले की पहिला दिवस कसा सरतो ते कळतही नाही. ओळखीचा डॉक्टर गाठा, पैशांची जुळवाजुळव करा, विम्याच्या कागदांवर सह्या करा, रक्ताचे रिपोर्ट आणायला दुसऱ्या इमारतीत धावा! संध्याकाळ होते, भेटीची वेळ संपते, डब्याची रिकामी भांडी पिशवीत जातात आणि मग व्हरांड्यात उभ्या असलेल्या मंडळींत तो प्रश्न निघतो : "रात्री पेशंटजवळ कोण थांबणार?" सकाळची पहिली पाळी असलेला थोरला घड्याळाकडे पाहतो. तान्हे मूल घरी ठेवून आलेली सून काही बोलत नाही, पण तिचे न बोलणे सर्वांना ऐकू येते. अखेर एखादा बिनलग्नाचा भाचा किंवा नुकतेच पेन्शनीत निघालेले काका पुढे होतात. त्यांच्या हाती पास, चादर आणि पाण्याची बाटली सोपवून बाकीचे लिफ्टकडे वळतात. वळताना प्रत्येकाच्या मनात थोडी सुटका आणि थोडी लाज, अशी दोन्ही असतात.

आपल्याकडे ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे की हा वैद्यकाचाही प्रश्न आहे, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून तो भाचा रात्रभर करतो तरी काय? औषध देत नाही, इंजेक्शन टोचत नाही. तो फक्त बघतो. सलाइन संपत आले की सिस्टरना हाक मारतो, ग्लानीत असलेले आजोबा खाटेवरून पाय खाली सोडू लागले की "अहो, कुठे निघालात?" म्हणून दंड धरतो, मध्यरात्री छातीवरची चादर वरखाली होते आहे ना, हे पाहून श्वास चालू असल्याची खात्री करून घेतो. सरकारी इस्पितळातल्या मोठ्या वॉर्डात रात्रपाळीला एक-दोन सिस्टर आणि तीस-चाळीस खाटा असा हिशेब असला, तर हे बघण्याचे काम घरच्या माणसांवाचून व्हावे कसे? बघणाऱ्या डोळ्यांची ही टंचाई जगभर आहे. आपण ती नातेवाइकांवर भागवतो. जिथे ती रीत नाही तिथे यंत्राकडून भागवता येईल का, याची खटपट गेली दहा-बारा वर्षे चालू आहे, आणि आता ते यंत्र आपल्याही दाराशी येऊन उभे राहिले आहे.

एरवी दर आठवड्याला या पानावर जागा बेताचीच असते. दिवाळी अंकाच्या कृपेने आज ऐसपैस बसायला मिळाले आहे, तेव्हा या बघणाऱ्या यंत्राची हकीकत जरा सविस्तर सांगतो.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कॅमेरा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सोसायटीच्या फाटकावरचा सीसीटीव्ही येतो. तो बिचारा बघत नाही, नुसता साठवतो. चोरी होऊन गेल्यावर चार माणसे पडद्याभोवती जमतात आणि "थांबव, थांबव, जरा मागे घे" करीत बसतात. संगणकाच्या दृष्टीचे, ज्याला आता सगळे कॉम्प्युटर व्हिजन म्हणतात त्याचे, काम निराळे. समोर काय चालले आहे ते त्याच क्षणी ओळखायचे : हा माणूस आहे, तो आडवा आहे, आता तो उठून बसला, आता त्याचा एक पाय जमिनीला लागला.

हे ऐकायला सोपे वाटते, कारण आपल्याला ते जन्मतःच फुकट मिळाले आहे. संगणकाच्या लेखी छायाचित्र म्हणजे आकड्यांचा प्रचंड तक्ता. प्रत्येक ठिपक्याला किती उजेड आणि कोणता रंग, एवढेच त्याला कळते. या आकड्यांच्या रानातून 'आजोबा' शोधून काढायचे कसे? १९५९ साली डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन व्हीझल या दोघांनी मांजराच्या मेंदूतील दृष्टीच्या पेशींवर जे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत त्यांना असे आढळले की काही पेशी केवळ ठराविक कोनात तिरकी असलेली रेघ दिसली की चेकाळून उठतात. बाकी काही दाखवा, त्या आपल्या गप्प! म्हणजे दृष्टी ही रेघांपासून निघून पायरीपायरीने आकारांकडे चढत जाते. (या दोघांना १९८१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मांजराला काय मिळाले, त्याची नोंद नाही.) जपानच्या कुनिहिको फुकुशिमा यांनी १९८० मध्ये याच धर्तीवर गणिताचे एक जाळे रचले. जाळे झाले, पण त्याला शिकवायला पुरेशी चित्रे नव्हती. आजी मांडीवर घेऊन पुस्तकातला हत्ती दोनदा दाखवते आणि पोराला जन्मभराचा हत्ती कळतो; यंत्राला असे हजारो हत्ती दाखवावे लागतात.

ती चित्रे पुरवण्याचे काम ज्या बाईंनी अंगावर घेतले त्यांची कथा सांगण्यासारखी आहे. फेई-फेई ली या मूळच्या चीनमधल्या. ऐन शाळकरी वयात आईबरोबर अमेरिकेत न्यू जर्सीला आल्या. हाती पैसा नाही, भाषा धड येत नाही. मुलीने चिनी खाणावळीत काम केले. पुढे कुटुंबाने कपड्यांच्या ड्रायक्लीनिंगचे दुकान घेतले, आणि ही मुलगी प्रिन्स्टनसारख्या नामांकित विद्यापीठात पदार्थविज्ञान शिकत असतानाही शनिवार-रविवारी घरी येऊन दुकान सांभाळीत असे. त्यात आईचे हृदयाचे दुखणे. वर्षानुवर्षे इस्पितळाच्या वाऱ्या, उशाशी बसून काढलेल्या रात्री. २००९ मध्ये त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'इमेजनेट' नावाचा चित्रसंग्रह जगापुढे ठेवला. त्यातले प्रत्येक चित्र कशाचे आहे, हे माणसांनी बसून लिहिलेले. पुढे ही चित्रे १ कोटी ४० लाखांच्या वर गेली. २०१२ साली या संग्रहावर घेतलेल्या स्पर्धेत टोरांटोचे जेफ्री हिंटन आणि त्यांचे दोन विद्यार्थी उतरले. त्यांच्या जाळ्याने शेकडा सुमारे १५ चुका केल्या. दुसऱ्या नंबरवाल्याच्या चुका शेकडा २६ होत्या. स्पर्धेच्या जगात हे अंतर म्हणजे घोडा आणि मोटार यांतले अंतर. त्या दिवसापासून यंत्राला खऱ्या अर्थाने दिसू लागले, असे म्हणायला हरकत नाही.

आता हे यंत्र लीबाई बाजारात किंवा विमानतळावर न नेता रुग्णालयात का घेऊन गेल्या, याचे उत्तर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आत्मचरित्रात आहे : आईच्या उशाशी काढलेल्या रात्रींनी. स्टॅनफर्ड विद्यापीठातील वैद्यकाचे प्राध्यापक आर्नल्ड मिल्स्टीन यांच्याबरोबर त्यांनी हे काम हाती घेतले. दोघांचे म्हणणे थोडक्यात असे : रोग्याच्या रक्तातला क्षार न् क्षार आम्ही मोजतो, पण खाटेभोवतीच्या चार हातांच्या जागेत दिवसभर काय घडते, याची नोंद कुठेच नाही. कोणी हात धुतले, कोणी नाही. रोग्याला किती वेळा उठवून बसवले. रात्री तो किती तळमळला. तो सगळा अंधारच.

हात धुण्याचेच घ्या. १८४७ साली व्हिएन्नाच्या मोठ्या इस्पितळात इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टराने पाहिले की शवविच्छेदन करून विद्यार्थी थेट प्रसूतिगृहात येतात आणि बाळंतिणी तापाने मरतात. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्याच्या विभागात शंभरातल्या १८ गेल्या. त्याने क्लोरिनच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. जूनमध्ये आकडा शंभरात दोनवर आला. एवढे होऊनही त्याच्या व्यवसायबंधूंनी त्याला वेड्यात काढले आणि १८६५ मध्ये तो खरोखरच वेड्यांच्या इस्पितळात मेला. आज हात धुण्याचे महत्त्व प्रत्येक डॉक्टर जाणतो, भिंतीवर तक्तेही लावतो, आणि घाईत विसरतोही. तपासनीस वहीपेन्सिल घेऊन दारात उभा असला की सारे हात चकाचक. तो चहाला गेला की जैसे थे. म्हणून स्टॅनफर्डच्या मुलांच्या इस्पितळात खोल्यांच्या दारांपाशी, हातांवर घेण्याच्या औषधाच्या बाटल्यांवर, बघणारी यंत्रे बसवून पाहिली. प्रत्यक्ष उभ्या केलेल्या माणसांच्या नोंदींपेक्षा यंत्राच्या नोंदी अधिक बिनचूक निघाल्या.

इथे एक खुबी आहे, ती मला फार आवडली. ही यंत्रे साधे छायाचित्र घेतच नाहीत. समोरची वस्तू किती अंतरावर आहे तेवढेच ती मोजतात. अशाच जातीचे यंत्र २०१० पासून मुलांच्या खेळासाठी बाजारात आले होते. टीव्हीसमोर नुसते हातवारे करून खेळायचे, ते. अंतराच्या मापातून जे चित्र उमटते त्याला चेहरा नसतो, कपड्यांचे रंग नसतात. रंग चढवायच्या आधी शाडूच्या मूर्ती कारखान्यात ओळीने ठेवलेल्या असतात, तशी माणसे दिसतात. कोण आहे हे कळत नाही, काय करतो आहे हे कळते. इस्पितळासारख्या उघड्यावाघड्या जागेत याचे मोल मोठे.

याच प्रकारचे यंत्र अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या एका अतिदक्षता विभागात लावून पाहिले. तिथे त्याला चारच गोष्टी ओळखायला शिकवल्या : रोगी खाटेतून उतरला, खाटेत गेला, खुर्चीतून उठला, खुर्चीत बसला. एवढ्याशा गोष्टीत काय ठेवले आहे, असे वाटेल. पण अतिदक्षता विभागात दिवसचे दिवस निपचित पडून राहिलेल्या माणसाच्या अंगातली ताकद झपाट्याने ओसरते. दुखणे बरे होते आणि माणूस मात्र अंथरुणाला खिळतो. त्याला लवकर उठवून बसवणे हा उपचाराचाच भाग आहे. तो झाला की नाही, किती वेळ झाला, हे सिस्टरने धावपळीतून रात्री आठवून लिहायचे, त्याऐवजी यंत्र आपोआप टिपते.

पडण्याचे तर विचारूच नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दरवर्षी ६ लाख ८४ हजार माणसे केवळ पडल्यामुळे मरतात. अपघाती मृत्यूंत वाहनांच्या अपघातांखालोखाल पडण्याचाच नंबर. इस्पितळात हा धोका आणखी मोठा. जागा अनोळखी, औषधाची गुंगी, हाताला सलाइनची नळी, आणि रात्री उठून "कशाला कोणाला त्रास द्यायचा" म्हणणारा आपला भिडस्त स्वभाव! रोगी कठड्यावरून पाय टाकू लागताच परिचारिकेच्या टेबलावर इशारा देणारी यंत्रे परदेशांत आता बऱ्याच ठिकाणी आहेत. अमेरिकेत दूरच्या खोलीत बसून एकच माणूस अनेक खाटांवर पडद्यातून नजर ठेवतो, अशीही सोय आहे.

या सगळ्याहून अद्भुत वाटावी अशी गोष्ट म्हणजे अंगाला हात न लावता नाडी पाहणे. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी चेहऱ्याच्या त्वचेत थोडे अधिक रक्त येते आणि तिचा रंग किंचित बदलतो. इतका किंचित, की आपल्या डोळ्याला तो जन्मात दिसणार नाही. साध्या उजेडात साध्या डिजिटल कॅमेऱ्याने तो टिपता येतो, हे २००८ मध्ये दाखवून देण्यात आले. ऑक्सफर्डच्या इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर याचे प्रयोग झाले. ज्यांनी असे बाळ पाहिले आहे त्यांना याचा अर्थ कळेल : ओल्या कागदासारखी ती त्वचा, तिच्यावर चिकटवलेली वायरची टोके काढताना त्वचाच निघून येते की काय, अशी धास्ती. नुसते बघून काम भागले, तर त्या जिवाचे केवढे हाल वाचतील!

पण इथेच आपण सावध व्हायला हवे. गोऱ्या कातडीतून प्रकाश जसा परततो तसा सावळ्या कातडीतून परतत नाही. वर्णद्रव्य तो वाटेतच गिळते. बोटाला चिमट्यासारखे लावतात ते ऑक्सिमीटर करोनाच्या दिवसांत आपल्या घराघरांत आले. त्याची मूळ कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, १९७४ सालची. त्याच यंत्राबद्दल २०२० च्या डिसेंबरात अमेरिकेत असे प्रसिद्ध झाले की रक्तातला प्राणवायू धोक्याइतका उतरलेला असूनही यंत्र 'ठीक' दाखवते, असा प्रकार गोऱ्या रोग्यांच्या मानाने काळ्या रोग्यांत जवळजवळ तिप्पट घडतो. बोटाला घट्ट चिकटलेल्या यंत्राची ही कथा, तर छतावरून बघणाऱ्या यंत्राची काय असेल? तेव्हा परदेशात तयार झालेली अशी कोणतीही वस्तू आपल्याकडे आणताना पहिला प्रश्न हा विचारावा : ही कोणाच्या चेहऱ्यांवर शिकली आहे?

आमच्या शेजारी एक निवृत्त सिस्टर राहतात. सरकारी इस्पितळांत तीस-बत्तीस वर्षे काढलेल्या. त्यांना मी ही सारी कहाणी मोठ्या उत्साहाने ऐकवली. त्यांनी शेंगा सोलता सोलता ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमचा कॅमेरा काय सांगणार? सतरा नंबरचे आजोबा उठले. अहो, ते मला ठाऊकच असतं. ते रोज तीनला उठतात, त्यांना लघवीला जायचं असतं. त्या वेळी मी पाच नंबरच्या बाईंचं सलाइन बदलत असते. मग हातातली सुई टाकून पळू का मी? मला डोळे कमी नव्हते पडत हो. हात कमी पडत होते, हात!"

मी म्हटले, "पण सिस्टर, इशारा मिळाला तर मावशींना तरी पाठवता येईल."

"मावशी एक, आणि ती तीन वॉर्डांना. शिवाय इशाऱ्यांचं म्हणाल तर आयसीयूत जाऊन बघा एकदा. हे मशीन टिंग टिंग, ते मशीन टूं टूं. निम्मे इशारे खोटे असतात. चार दिवसांत कान असे बधिर होतात की खरा इशाराही ऐकू येत नाही."

सिस्टरांचे हे दुसरे म्हणणे जगभरच्या परिचारिकांचे आहे, आणि त्यावर पुष्कळ लिहिलेही गेले आहे. पहिले म्हणणे मला निम्मे पटले. हातांच्या तुटवड्यावर डोळा हा उपाय नव्हे, हे खरेच. एखाद्या व्यवस्थापकाने "आता कॅमेरा आहे" म्हणून रात्रीची एक सिस्टर कमी केली, तर ते यंत्र रोग्याच्या मुळावरच आले म्हणायचे. पण चाळीस खाटांपैकी या क्षणी कोणत्या खाटेला हाताची गरज आहे, हे नेमके कळले तर ते दोन हात योग्य जागी पोचतील, हेही तितकेच खरे. सिस्टरना सतरा नंबरचे आजोबा ठाऊक होते, कारण त्या बत्तीस वर्षांच्या मुरलेल्या. काल नोकरीवर लागलेल्या मुलीला ते कसे ठाऊक असणार?

हात आणि डोळा यांचा मेळ बसला तर काय होते, आणि नाही बसला तर काय होते, याची दोन उदाहरणे डोळ्यांच्याच रोगात सापडतात. फराळाचे ताट पुढे असताना मधुमेहाचे नाव काढणे अरसिकपणाचे आहे खरे, पण २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणे भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत, तेव्हा हे पान वाचणाऱ्यांतही काही असणारच. मधुमेहात डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. दुखत नाही, खुपत नाही, सुरुवातीला दिसायलाही कमी येत नाही. कळते तेव्हा पुष्कळदा उशीर झालेला असतो. वेळेवर कळले तर लेझरने, इंजेक्शनाने दृष्टी वाचवता येते. म्हणजे सगळा प्रश्न वेळेवर बघण्याचा, आणि पडदा वाचू शकणारे तज्ज्ञ मोजके.

गूगल कंपनीच्या संशोधकांनी पडद्याच्या १ लाख २८ हजारांवर छायाचित्रांवर यंत्राला शिकवले. छायाचित्रे तपासून देणारे नेत्रवैद्य व शिकाऊ नेत्रवैद्य मिळून ५४. मदुराईचे अरविंद आणि चेन्नईचे शंकर नेत्रालय यांचा या कामात हात होता. २०१६ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला : यंत्र तज्ज्ञांच्या तोडीस तोड ठरले. सगळीकडे वाहवा झाली. मग हे यंत्र २०१८-१९ मध्ये थायलंडच्या ११ दवाखान्यांत नेले. तिथे काय झाले? दवाखान्यातल्या खोल्यांत पुरेसा अंधार करता येईना, छायाचित्रे धूसर येऊ लागली. पहिल्या सहा महिन्यांतल्या १८३८ छायाचित्रांपैकी शेकडा २१ यंत्राने "वाचता येत नाही" म्हणून परत केली. नियम असा की परत आलेल्या रोग्याने दुसऱ्या गावच्या तज्ज्ञाकडे जावे. शेतावरची मजुरी बुडवून आलेल्या बाईला परिचारिकेने कोणत्या तोंडाने सांगावे, की बाई, तुझ्या डोळ्यांत काही नसेलही, पण यंत्राला फोटो आवडला नाही? त्यातून इंटरनेट मंद. ही हकीकत त्याच कंपनीच्या लोकांनी २०२० मध्ये मोकळेपणाने छापली, हे त्यांचे भूषणच.

दुसरे उदाहरण आपल्या मुंबईचे. महानगरपालिकेच्या दवाखान्यांत, जिथे खोकला-तापाचे केसपेपर निघतात तिथेच, मधुमेह्यांच्या पडद्यांची छायाचित्रे मोबाइलला जोडलेल्या कॅमेऱ्याने घेतली. घेणारा डॉक्टर नव्हे, थोडके शिक्षण दिलेला आरोग्य कर्मचारी. वाचणारे यंत्र त्याच मोबाइलच्या आत, इंटरनेटची गरजच नाही. निकाल २०१९ मध्ये छापला गेला. २१३ माणसांत ज्यांना तज्ज्ञाकडे पाठवायलाच हवे होते त्यांतला एकही यंत्राच्या नजरेतून सुटला नाही. रोग तितका नसताना 'पाठवा' म्हटले, असे शेकडा अकरा-बारा. हुरळून जायचे मात्र कारण नाही, कारण पाठवण्याजोगे रोगी एकंदरीत १५ होते, आणि १५ वर सिद्धांत बांधता येत नाही. पण दिशा बघा! थायलंडात यंत्रासाठी दवाखाना बदलावा लागत होता. इथे दवाखाना जसा आहे तसा धरून यंत्र बेतले होते. मला विचाराल तर या गोष्टीतली हुशारी गणितात कमी आणि या बेतण्यात जास्त आहे.

क्षयाच्या एक्स-रेबाबतही असेच पाऊल पडले आहे. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षांवरील माणसांच्या क्षय-तपासणीत छातीचे फोटो यंत्राने वाचायला मान्यता दिली, आणि त्या कामातली एक नावाजलेली कंपनी मुंबईचीच आहे. तो विषय मोठा आहे, पुढे कधीतरी.

आता कडू भाग. गेल्या फेब्रुवारीचा नव्हे, २०२५ च्या फेब्रुवारीचा प्रकार पुष्कळांना आठवत असेल. गुजरातेत राजकोटच्या एका प्रसूतिगृहात स्त्रियांच्या तपासणीची कॅमेऱ्याने घेतलेली चित्रे बाहेर फुटली आणि पैसे घेऊन विकली जात असल्याचे उघड झाले. पकडलेल्यांत महाराष्ट्रातलेही तरुण होते. त्या बायांनी काय केले होते? डॉक्टरकडे गेल्या होत्या, एवढेच. सुरक्षेसाठी म्हणून लावलेला कॅमेरा आणि घरोघरी जसा असतो तसा ढिसाळ कारभार. कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द बदलण्याचेही कष्ट आपल्याकडे किती जण घेतात? ब्रिटनमध्ये मानसोपचाराच्या वॉर्डांत रोग्याच्या खोलीतच कॅमेरा लावून दुरून नाडी-श्वास पाहण्याची पद्धत आली, तेव्हा आधीच जगाच्या नजरेला भ्यालेल्या रोग्यांनी आणि त्यांच्या बाजूने लढणाऱ्यांनी विचारले, आमची संमती कोणी घेतली? तो वाद इतका वाढला की २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय आरोग्यसेवेला यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढावी लागली. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमुखाने सांगितले की खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, आणि २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला. कायदा असला तरी दाखल होताना पुढे केलेल्या आठ-दहा कागदांवर आपण न वाचता सह्या करतो, त्याला कायदा काय करणार?

तरीही "नकोच तो कॅमेरा" असे म्हणवत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटेपूर्वी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. १७ बाळांपैकी ७ वाचवता आली, १० गेली. तिथे उशाशी बसायला भाचा नव्हता, काका नव्हते. त्या कक्षात नातेवाइकांना थांबूच देत नाहीत, आणि जंतूंच्या भयाने ते योग्यही आहे. आई दुसऱ्या वॉर्डात, बाप बाहेरच्या बाकड्यावर. ज्यांना हाक मारता येत नाही, ज्यांच्याजवळ घरचे कोणी असू शकत नाही, त्यांच्यावर तरी अखंड नजर हवी की नको? धूर आणि ज्वाळा ओळखणे हे बघणाऱ्या यंत्राला येणाऱ्या सोप्या कामांपैकी आहे. मात्र धुराची सूचना देणारी साधी घंटा, तपासलेले वायरिंग आणि उघडणारे दार या गोष्टी त्याच्या आधी येतात, आणि त्या कितीतरी स्वस्त आहेत. लाखो रुपयांचा बुद्धिमान डोळा भिंतीवर आणि खाली उघडी वायर, असा थाट आपल्याकडे अशक्य नाही.

मोठ्या खाजगी इस्पितळांत ही यंत्रे शिरू लागली आहेत. मग जिल्ह्याच्या ठिकाणी दिसतील. तेव्हा तुमच्या माणसाच्या खाटेवर छतातून असा डोळा दिसला तर बिचकू नका आणि दबूनही राहू नका. तिथल्या सिस्टरना नव्हे, त्या बिचाऱ्यांच्या हाती काही नसते. कचेरीत जाऊन विचारा. यात चेहरा दिसतो की नुसती आकृती? चित्र साठवता की बघून पुसता, आणि साठवत असाल तर किती दिवस? ते इमारतीबाहेर कोणाकडे जाते का? अंग पुसताना, कपडे बदलताना, भांडे देताना ते बंद करता येते का, आणि ते कोण करते? रात्री तीन वाजता इशारा वाजला तर तो कोणाच्या टेबलावर वाजतो, आणि त्या वेळी त्या व्यक्तीकडे एकूण किती खाटा असतात? शेवटच्या प्रश्नाला पुष्कळदा उत्तर मिळत नाही. मिळाले, तर ते लिहून मागावे आणि केसपेपराबरोबर लावून ठेवावे.